काचमावशींचं पांढरं आभाळ

त्या मंगळवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास पासपोर्टच्या उजव्या अंगठ्याचा दीर्घिकांमध्ये समावेश झाला.

खरं म्हणजे अंगठ्याचा यात काही अपराध नव्हता. अपराध गुडघ्याचा. पासपोर्ट स्वतः सेहेचाळीस वर्षांचा, पण त्याचा डावा गुडघा निदान सत्तरीचा. तासभर एका जागी बसलं की कुरकुर सुरू. त्या दिवशी कुरकुर फारच वाढली म्हणून त्याने हातातला सुती मोजा काढला, खिशातली बामाची डबी काढली, गुडघ्याची मनधरणी केली आणि मोजा पुन्हा चढवायचं साफ विसरून समोरची काचपट्टी उचलून स्कॅनरवर ठेवली. अंगठा कुठे टेकला हे त्याला कळलंसुद्धा नाही.

कळलं ते कॉम्प्युटरला.

पासपोर्ट ज्या वेधशाळेत कामाला होता तिथे पूर्वी आभाळाचे फोटो काचेवर काढत. वहीच्या पानाएवढी काच, तिच्या एका अंगाला रसायनाचा पातळ थर, आणि त्या थरावर एका रात्रीतला एक तुकडा आभाळ. अशा नऊ हजारांवर काचपट्ट्या एका लांबलचक खोलीत कपाटांतून उभ्या करून ठेवल्या होत्या. आता त्या सगळ्या स्कॅन करून कॉम्प्युटरात भरायच्या होत्या, आणि कॉम्प्युटरला दीर्घिका ओळखायलाही शिकवलं होतं. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं एकेक गाव. आपली आकाशगंगा हे त्यातलंच एक. ही गावं इतकी लांब आहेत, की काचेवर प्रत्येकाचा जेमतेम एक पुसट ठिपका उमटतो. कॉम्प्युटर तो ठिपका बघायचा, जरा विचार केल्यासारखं करायचा आणि खाली प्रकार लिहून द्यायचा.

पासपोर्टच्या अंगठ्याखाली त्याने लिहिलं : ‘सर्पिल दीर्घिका. भुजा अनेक. खात्री ब्याण्णव टक्के.’

आता हे सगळं पासपोर्ट आणि कॉम्प्युटर या दोघांत राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण त्याच दिवशी वरच्या कचेरीतून तीन पाहुणे काम बघायला आले होते, आणि मोठ्या साहेबांनी भिंतीवरच्या पडद्यावर स्कॅनिंग चालू ठेवलं होतं. पडद्यावर अंगठा उमटला. भिंतभर.

“बघा!” मोठे साहेब म्हणाले. त्यांचा आवाज आनंदाने चिरकला. “इतक्या घट्ट वळलेल्या भुजा मी तरी आजवर पाहिल्या नाहीत!”

पाहुण्यांनीही पाहिल्या नव्हत्या. त्यांनी माना डोलावल्या. एकाने तर मोबाईलवर फोटो काढला.

तेवढ्यात खांद्यावर फडकं टाकून काचमावशी आत आल्या. पडद्यासमोर थांबल्या. मान तिरकी करून बघितलं. मग भाजीत मीठ जास्त पडल्याचं सांगावं तितक्या सहज म्हणाल्या, “हा अंगठा आहे.”

फोटो काढणाऱ्या पाहुण्याने मोबाईल खाली केला.

“काय म्हणालात?” मोठे साहेब.

“अंगठा. मधे भोवरा आहे, वर तिरका व्रण आहे. अहो पासपोर्ट, हात दाखवा बघू.”

पासपोर्टने हात मागे लपवला. त्या एका हालचालीने निकाल लागला. त्याच्या अंगठ्यावर फोटो कापायच्या कटरने केलेला वीस वर्षांपूर्वीचा व्रण होता आणि तो पडद्यावर नदीएवढा दिसत होता.

“खात्री नसेल तर काच हुंगा,” मावशी म्हणाल्या. “बामाचा वास येईल.”

एका पाहुण्याने खरोखरच काच हुंगली आणि होकारार्थी मान हलवली. मोठ्या साहेबांचा चेहरा पार उतरला.

पासपोर्ट हे काही त्याचं नाव नव्हे. बावीस वर्षं त्याचा स्टुडिओ होता आणि त्यात तो फक्त पासपोर्टचे फोटो काढायचा. पुढे लोकांच्या हातात मोबाईल आले आणि स्टुडिओ बंद पडला. वेधशाळेत स्कॅनरवर माणूस हवा होता, हा लागला. पहिल्याच दिवशी काचमावशी दिव्याजवळ उभ्या होत्या, तर हा सवयीने म्हणाला, “मान जरा डावीकडे. हनुवटी खाली.” मावशींनी हनुवटी खाली केली नाही. उलट वर केली आणि म्हणाल्या, “माझा पासपोर्ट काढताय का?” त्या दिवसापासून तो पासपोर्ट झाला. आठवड्याभरात मोठे साहेबसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारायला लागले. महिन्याभरात बायकोही.

काचमावशींना हे नाव कोणी ठेवलं ते कोणाला आठवत नाही. वेधशाळेत झाडलोट करणाऱ्या मावशी वेगळ्या होत्या. या मावशी फक्त काच पुसायच्या. चौतीस वर्षं. सरकारी कागदावर हुद्दा ‘सफाई कर्मचारी’ असाच होता, पण त्यांना कोणी “तो कोपरा झाडा” म्हटलं, तर त्या अशा बघायच्या की म्हणणारा स्वतःच झाडू घ्यायचा.

त्यांना नोकरी लागली त्याची हकीकत पासपोर्टने त्यांच्याच तोंडून तीनदा ऐकली होती आणि तिन्ही वेळा ती तशीच्या तशी होती, म्हणजे बहुधा खरी असावी. वेधशाळा सुरू करणाऱ्या जुन्या साहेबांनी मुलाखतीला आलेल्या अकरा जणांपुढे एकेक काच ठेवली आणि “ही पलीकडच्या टेबलावर न्या” एवढंच सांगितलं. दहा जणांनी ताट उचलावं तशी उचलली. मावशींनी दोन्ही तळव्यांत कडा धरून उभी उचलली, टेबलाशी जाऊन तिच्यावर हा करून श्वास सोडला आणि म्हणाल्या, “हिला आधी कोणीतरी तेलकट हात लावलाय.” तो हात जुन्या साहेबांचाच होता. सकाळी डोक्याला तेल लावून आले होते.

काच धरायची विद्या मावशींची माहेरची नव्हे, सासरची. नवरा खिडक्यांची तावदानं बसवायचा. लग्न झालं त्या आठवड्यात त्याने बायकोला काच आडवी नेताना पाहिलं आणि पहिलं भांडण केलं. त्या भांडणाच्या जोरावर पुढे चौतीस वर्षं घर चाललं.

दीर्घिका त्यांना जुन्या साहेबांनी शिकवल्या. उजेडाच्या टेबलावर, म्हणजे खालून दिवे लावलेल्या दुधी काचेच्या टेबलावर, पट्टी ठेवायची, भिंग डोळ्याला लावायचं, आणि बघायचं. काचपट्टीवर सगळं उलटं उमटतं. आभाळ पांढरं आणि तारे काळे. त्यामुळे मावशींच्या आभाळात अंधार असा कधी पडलाच नाही. त्या रोज साडेनवाला ड्यूटीवर येत, उजळलेल्या पांढऱ्या आभाळात काळे ठिपके बघत आणि साडेपाचला घरी जात. दुर्बिणीला त्यांनी जन्मात डोळा लावला नव्हता.

“एकदाही नाही?” पासपोर्टने विचारलं होतं.

“रात्री झोपायचं सोडून वर काय बघायचं?” मावशी म्हणाल्या. “सकाळी यायचंच की सगळं काचेवर.”

पासपोर्ट रुजू झाला त्या पहिल्या आठवड्यात मावशींनी त्याला टेबलापाशी बसवून प्रकार शिकवले. पुस्तकातली नावं त्यांना पाठ होती, पण ती त्या फक्त पाहुण्यांसमोर वापरायच्या. एरवी नावं त्यांची स्वतःची.

“हे बघा, हे अंडं. गोल म्हणा, लांबट म्हणा. मधे दाट, कडेला विरत गेलेलं. हात नाहीत, पाय नाहीत. यांच्यात तारे सगळे म्हातारे. नवीन काही होत नाही. पेन्शनरांची कॉलनी समजा.”

“पुस्तकात लंबवर्तुळाकार म्हणतात,” पासपोर्ट म्हणाला. त्याने आदल्या रात्री वाचलं होतं.

“म्हणू दे. हा भोवरा. याचे हात बघा कसे वळलेत. या हातांत नवे तारे जन्मतात. हाच आपल्याकडे कड करून उभा असला की नुसती सुई दिसते, तेव्हा फसायचं नाही. हा दांडीवाला. मधून आडवी दांडी गेलीय आणि दांडीच्या टोकांपासून हात फुटलेत. ही मसूर. भोवऱ्यासारखी चपटी, पण हात नाहीत. अंड्यात घालावी की भोवऱ्यात, यावर शहाणी माणसं अजून भांडतात. आणि ही,” मावशींनी भिंग सरकवलं आणि त्यांचा आवाज नकळत मऊ झाला, “ही मोकाट.”

पासपोर्टने बघितलं. काचेवर कोणीतरी शिंकल्यासारखं दिसत होतं.

“हिला आकार नाही,” तो म्हणाला.

“नाहीच. कोणाच्याही साच्यात बसत नाही. काही जन्मापासूनच अशा, काहींना मोठ्या शेजाऱ्याने ओढाताण करून विस्कटलेलं. पण जुने साहेब सांगायचे, लहानशी असते, पुसट असते, तरी हिच्यात नवे तारे धडाक्याने जन्मत असतात.”

मग डाग कसा ओळखायचा तेही सांगितलं, कारण मोकाट दीर्घिका आणि डाग यांत नवख्या माणसाला फरक कळत नाही. आधी काचेच्या कोऱ्या बाजूवर श्वास सोडायचा. बोटाचा ठसा असेल तर वाफेत उठून दिसतो. मग पट्टी भिंगाखाली किंचित कलती करायची. डाग कोऱ्या बाजूला असतो आणि तारे पलीकडच्या थरात. काचेच्या जाडीमुळे डाग ताऱ्यांवरून सरकल्यासारखा दिसतो. दीर्घिका सरकत नाही, ती ताऱ्यांबरोबरच राहते. एवढं करूनही शंका राहिली, म्हणजे रसायनाच्या थरातच खोट असेल असं वाटलं, तर त्याच जागेची दुसऱ्या रात्री काढलेली पट्टी शोधायची. दोन्हींत तेच असलं तर ते आभाळातलं.

“कॉम्प्युटर यातलं काय करतो?” पासपोर्टने विचारलं होतं.

“तो टक्के सांगतो,” मावशी म्हणाल्या होत्या.

अंगठ्याच्या प्रकरणानंतर मोठे साहेब दोन दिवस खोलीबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते हुकूम घेऊनच. कॉम्प्युटर आता कडक केला होता. जरा शंका आली की ‘डाग’. आणि ज्या पट्टीवर कॉम्प्युटरला डाग दिसेल तिचा स्कॅन ठेवायचा नाही, पट्टी खोक्यात टाकायची. लांबलचक खोलीचा अर्धा भाग नाहीतरी रिकामा करायचा होता. सोमवारी दुपारी बारा वाजता काच कारखान्याचा ट्रक येणार होता.

“कारखान्यात काय करतात?” मावशींनी विचारलं.

“फोडून वितळवतात,” साहेब म्हणाले. “मावशी, पुन्हा माझं हसं व्हायला नको.”

मोठे साहेब वाईट माणूस नव्हते, हे पासपोर्ट कोणालाही छातीवर हात ठेवून सांगेल. बायकोला रोज दुपारी फोन करून जेवलीस का विचारणारा माणूस. पण भिंतीवर भिंतभर फजिती झालेल्या माणसाकडून थंड डोक्याची अपेक्षा करता येत नाही. आणि ती फजिती केली कोणी? पासपोर्टने. त्यामुळे शनिवारपर्यंत दोन खोक्यांत बासष्ट पट्ट्या जमल्या तेव्हा त्याला ती खोकी ओलांडून पाणी प्यायला जायचीही लाज वाटायला लागली.

मावशींनी एकेक पट्टी खोक्यातून काढून भिंगाखाली धरली. संध्याकाळी साहेबांच्या दारात उभ्या राहिल्या. “यातल्या अकरा पट्ट्यांवर डाग नाहीत. मोकाट दीर्घिका आहेत. त्या मी देणार नाही.”

“मावशी, चार महिन्यांवर रिटायरमेंट आलीय तुमची. कशाला अंगावर ओढवून घेता?”

“अकरा पट्ट्या,” मावशी म्हणाल्या आणि कपाटाची किल्ली कमरेला खोचून घरी गेल्या.

रविवारी साहेबांनी पासपोर्टला पाठवलं. “तुमचं ऐकतात त्या. समजावा.” मावशी कोणाचंही ऐकत नाहीत हे साहेबांना ठाऊक होतं. पण माणूस पाठवल्याचं समाधान वेगळंच असतं.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं घर. रस्त्याकडच्या खिडकीला नऊ तावदानं आणि नऊही नऊ तऱ्हांची. एक साधं, एक दुधी, एक खडबडीत, एक उभ्या रेघांचं, एक हिरवट. मावशींच्या नवऱ्याने लोकांच्या कामांतून उरलेल्या तुकड्यांची खिडकी केली होती. समोरच्या इमारतीचे त्यातून नऊ वेगवेगळे तुकडे दिसत. काका खिडकीखालच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी पासपोर्टला आपादमस्तक न्याहाळलं.

“हिला समजावायला आलात?”

“तसं नाही, म्हणजे...”

“बसा, बसा. मी एकेचाळीस वर्षं तेच करतोय. एकदा जमल्यासारखं वाटलं होतं, पण तेव्हा तिला ताप होता.”

“चहा घेणार का भांडण?” आतून मावशींचा आवाज आला.

“चहा चालेल,” पासपोर्ट म्हणाला.

चहा आला. पासपोर्टने घरून तयार करून आणलेलं भाषण सुरू केलं. चार महिने राहिलेत, सेवा इतकी चांगली झालीय, शेवटी शिस्तभंगाचा शेरा कशाला, आणि बासष्ट पट्ट्या गेल्या तरी नऊ हजार उरतातच की.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुमच्या स्टुडिओत एखादं वेडंवाकडं तोंड आलं तर काय करायचात?”

“काय करणार? फोटो काढायचो.”

“नाक वाकडं असलं तर?”

“तरी काढायचो. पासपोर्टचा फोटो सुंदर नाही, खरा यावा लागतो.”

“मग त्या अकरांच्या वेळेलाच तुम्हाला अक्कल का आठवली? ज्या घरात पाळणे हलताहेत ते घर मोडीत काढायचं, का तर म्हणे त्याला आकार नाही!”

काका खिडकीकडे बघत हसले. “भाषण संपलं का तुमचं?” त्यांनी पासपोर्टला विचारलं. “माझं दुसऱ्या वाक्याला संपायचं. तुम्ही बरीच मजल मारलीत.”

पासपोर्टने कप खाली ठेवला. त्याचं भाषण खरोखरच संपलं होतं. आणि गुडघा दुखत असूनही त्याला वर्षभरात प्रथमच हलकं वाटत होतं.

“त्याच जागेच्या दुसऱ्या पट्ट्या असतील का, मावशी?” त्याने विचारलं. “जोड्या लागल्या तर साहेबांना बोलायला जागा उरणार नाही.”

“असतील. कुठे आहेत ते मला आठवेल. पण पट्ट्यांच्या नोंदवहीतले आकडे मला भराभर वाचता येत नाहीत.”

“ते मी वाचतो.”

“मग सकाळी साडेसातला या. आणि बाम घरी ठेवून या.”

सोमवारी सकाळी लांबलचक खोलीत दोघांनी कपाटं उघडली. मावशी डोळे अर्धवट मिटून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “हिची जोडीदारीण सव्विसाव्या कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात असावी. त्या वर्षी वेष्टणं पिवळी आली होती.” पासपोर्ट वही उलटून आकाशाच्या जागेचे आकडे ताडून बघायचा. आकडे जुळायचे. पहिल्या तीन वेळा तो चकित झाला. चौथ्या वेळेपासून चकित होण्यात वेळ घालवणं त्याने बंद केलं. एकदा मावशींचा कप्पा चुकला, तेव्हा त्यांनी कपाटालाच दोन शब्द सुनावले. साडेअकरापर्यंत दहा जोड्या टेबलावर मांडून झाल्या. अकरावीची जोडी मात्र कुठेच नव्हती. वहीप्रमाणे आभाळाच्या त्या तुकड्याचा फोटो आजवर एकदाच काढला होता.

“हिचं काय करायचं?” पासपोर्टने विचारलं.

“हीपण मोकाटच आहे,” मावशी म्हणाल्या. “मला कळतं.”

बारा वाजता खाली ट्रकचा हॉर्न वाजला आणि वर मोठे साहेब आले. बघतात तर दोन्ही खोकी एकावर एक रचलेली आणि वरच्या खोक्यावर मावशी बसलेल्या. पाय जमिनीला टेकत नव्हते, पण चेहऱ्यावर तसं काही दिसत नव्हतं.

“मावशी, हे काय?”

“बसलेय. आधी टेबलावरचं बघा.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, पासपोर्टकडे पाहिलं, आणि मग, माणूस मुळात खगोलशास्त्रज्ञ असल्यामुळे, टेबलाकडे पाहिलं. भिंग उचललं. पहिली जोडी. दुसरी. तिसऱ्या जोडीला त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. दोन पट्ट्यांमध्ये सोळा वर्षांचं अंतर होतं आणि विस्कटलेला पुसट ठिपका दोन्हीकडे त्याच ताऱ्यांच्या कोंडाळ्यात, त्याच जागी होता. खाली हॉर्न पुन्हा वाजला. पाचव्या जोडीला साहेबांनी खुर्ची ओढली. दहाव्या जोडीनंतर त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“ठीक आहे,” शेवटी म्हणाले. “दहा ठेवा.”

“अकरा.”

“अकरावीची जोडी नाही. पुरावा नाही.”

“मी सांगतेय ना.”

“मावशी, तुम्ही सांगताय हा काही पुरावा होत नाही!”

साहेबांचा आवाज चढला होता. रागाच्या भरात त्यांनी कॉम्प्युटर स्वतःकडे ओढला. दूरदेशीच्या मोठ्या दुर्बिणींनी काढलेले आभाळाचे फोटो तिथे कोणालाही बघता येतात. फक्त जागेचे आकडे टाकावे लागतात. हे आधी कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही असं पासपोर्टला वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की एकदा डाग म्हटल्यावर त्याचा पत्ता शोधायला कोण जातो?

साहेबांनी आकडे टाकले. पडद्यावर आभाळाचा तो तुकडा उमटला. तारे सगळे होते. पट्टीवर होते तसेच, तिथेच. मधे जिथे मावशींची मोकाट दीर्घिका असायला हवी होती, तिथे काही नव्हतं. साहेबांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. काही नव्हतं.

मावशी खोक्यावरून उतरल्या. पडद्याजवळ आल्या. हातात अकरावी पट्टी, कडांनी धरलेली. एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा पट्टीकडे. पासपोर्टला त्यांच्याकडे बघवेना. चौतीस वर्षांत या बाईला काचेने पहिल्यांदा खोटं पाडलं होतं, तेही साहेबांसमोर.

“डाग आहे,” मावशी म्हणाल्या.

“सांगत होतो मी,” साहेब म्हणाले. पण त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. उलट त्यांनाच वाईट वाटल्यासारखं दिसत होतं. “थरातली खोट असणार. होतं असं. आता ती खोक्यात ठेवा आणि...”

“का?”

“का म्हणजे? तुम्हीच म्हणालात डाग आहे.”

“आहेच. मग? या पट्टीवर बाकीचे तारे किती?”

साहेब थांबले. “असतील तीन-चार हजार.”

“आणि त्या रात्रीचे. ती रात्र परत येणार आहे का?”

साहेबांनी पट्टीकडे पाहिलं.

“एका डागापायी चार हजार तारे फोडायचे? तुम्ही इथले साहेब आहात, का तो कॉम्प्युटर आहे?” मावशींचा आवाज चढला नव्हता, पण पासपोर्टने दोन पावलं मागे घेतली. “चुकलं माझंच. दोन दिवस मी अकराच मागत बसले. डाग नसलेल्या तेवढ्या वाचवायला निघाले, तुमच्यासारखाच विचार केला मीपण. आता अकरा नाही. बासष्टच्या बासष्ट राहतील. बोटाचे ठसे मी पुसेन. जे पुसून जात नाही ते राहील तसंच. तुमच्या कॉम्प्युटरला सांगा, डागाकडे बघू नकोस, बाजूचं बघ.”

“मावशी, हा आदेशाचा भंग आहे. मला लेखी मेमो द्यावा लागेल.”

“द्या. सही कुठे करायची तेवढं सांगा.”

“आणि पासपोर्ट, तुम्ही ती खोकी खाली न्या.”

सगळी खोली पासपोर्टकडे बघायला लागली. सगळी खोली म्हणजे दोनच माणसं आणि एकेचाळीस कपाटं, पण त्याला सभा भरल्यासारखं वाटलं. नोकरी लागून पुरतं वर्षही झालं नव्हतं. घरी बायकोने परवाच नवे पडदे शिवायला टाकले होते. तो खोक्यांपाशी गेला, वरचं खोकं उचललं, गुडघा कटकन वाजला, आणि त्याने ते खोकं नेऊन सव्विसाव्या कपाटासमोर ठेवलं. मग परत येऊन दुसरं नेलं.

“खाली म्हणालो मी,” साहेब म्हणाले.

“गुडघा दुखतोय, साहेब. जिना उतरवत नाही.”

खाली हॉर्न तिसऱ्यांदा वाजला, या वेळी चांगला लांबलचक. मोठे साहेब खिडकीशी गेले.  मग खिडकी उघडून खाली ओरडले, “जा हो तुम्ही! काही नाही न्यायचं!”

ट्रकवाला खालून काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तासाभराने दोन मेमो टाईप होऊन आले. मावशींच्या मेमोत चार ओळी होत्या, पासपोर्टच्या दोन. मावशींनी आपला मेमो पासपोर्टकडून मोठ्याने वाचून घेतला, ‘वरिष्ठांच्या लेखी आदेशाची जाणूनबुजून अवज्ञा’ हे शब्द दुसऱ्यांदा वाचायला लावले आणि सही केली. सही करताना जीभ दातांत धरली होती. वळणदार, सुबक सही. मग खोकं उघडून टेबलापाशी बसल्या, पहिली पट्टी उचलली, कोऱ्या बाजूवर श्वास सोडला आणि नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याच्या मऊ फडक्याने पुसायला लागल्या. मोठे साहेब दारातून एकदा डोकावले. जाताना दार आवाज न करता लावून घेतलं.

पासपोर्टने दोन्ही हातांत मोजे चढवले आणि स्कॅनर सुरू केला.   

“मावशी,” तो म्हणाला, “खरं सांगा. साहेब तसे अंगावर आले तेव्हा तुम्हाला भीती नाही वाटली?”

मावशींनी पट्टी उजेडासमोर धरली, कलती केली, आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या,

“वाटली की! म्हणून काय फोडू द्यायच्या?”